शिक्के नकोत, मदतीची वाट दाखवा

‘टॉक्सिक’, ‘नार्सिसिस्ट’ (स्वतःच्याच मोठेपणात गुंतलेला), ‘गॅसलाइटिंग’ हे शब्द आता घरोघरी रुळले आहेत. सासूने भाजीला नाव ठेवले की ती टॉक्सिक, नवऱ्याने वाद घातला की गॅसलाइटिंग! गॅसलाइटिंग म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच आठवणींवर, शहाणपणावर शंका येऊ लागावी अशी सततची दिशाभूल; एका संध्याकाळचे भांडण नव्हे. आणि नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान तज्ज्ञानेच करायचे असते, रील पाहून नाही.

मला काळजी वाटते ती जिचा खरोखर रोज मानसिक छळ होतो तिची. हे शब्द असे उठसूट वापरले गेले तर तिचे कोण ऐकणार? ‘मोबाइल बघून बोलतेस’ म्हणत तिलाच गप्प बसवतील. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने २००५ मध्येच शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसा मानले आहे. हे किती जणींना ठाऊक आहे?

केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची हेल्पलाइन २०२२ पासून चोवीस तास विनामूल्य चालते, मराठीतही बोलता येते. तिचा १४४१६ हा क्रमांक आपल्या पुरवणीत दर आठवड्याला ठळक छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली