कापणी उरकून या, जानेवारीत नको

क्युरपीप, मॉरिशस
24 ऑगस्ट

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही जानेवारीचं तिकीट बघूया म्हणालात. आवाज तुटत होता, म्हणून लिहितेय. जानेवारीत नका येऊ. मालवणात तेव्हा दर्या निवांत असतो, पण इथे तो ऐन वादळांचा महिना. 2024च्या जानेवारीत बेलाल नावाचं वादळ आलं, तेव्हा राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या. इशाऱ्याच्या चार पायऱ्या असतात. दुसरी लागली की पाव आणि मेणबत्त्यांसाठी रांगा, चौथीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. खिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबून रात्र काढली होती आम्ही. तुमच्या वाट्याला ते यायला नको.

आत्ता इथे हिवाळा आहे. आग्नेयेचा वारा सुटलेला असतो आणि आमचं गाव साडेपाचशे मीटर उंचावर, त्यामुळे ढग इथेच अडतात. आई, दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत, अगदी आपल्या आषाढासारखं. पण पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकला उतरलं की लख्ख ऊन!

बाबा, तुम्हाला नवल वाटेल ते भरती-ओहोटीचं. आपल्याकडे उधाणाला पाणी पुरुषभर चढतं, इथे जेमतेम गुडघाभर. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाचा बांध आहे. लाटा दूर तिथेच फुटतात, किनाऱ्यावरून नुसती पांढरी रेघ दिसते आणि अलीकडचं पाणी तळ्यासारखं. मात्र बांधात जिथे खिंड असते तिथे पाणी बाहेर ओढतं, तिकडे पोहायला मी तुम्हाला सोडणार नाही. दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी तर बांधच नाही. गेल्या रविवारी तिथल्या कड्यावर उभी होते, पाच मिनिटांत चष्म्यावर मिठाचा थर. आवाज ऐकून तुमचीच आठवण झाली.

गणपती तोंडावर आलेत. इथे सरकारी सुट्टी असते. मराठी घरं पिढ्यान् पिढ्यांची, पूर्वज बरेचसे कोकणातले. गेल्या वर्षी विसर्जनाला पाण्यात उतरले तर पोटऱ्या गारठल्या. पण पाणी इतकं नितळ की मूर्ती तळाशी टेकल्यावरही हातातला मोदक दिसत होता. आरती म्हणताना माझा गळा दाटून आला.

ऑक्टोबर इथला सगळ्यांत कोरडा महिना, पण तेव्हा तुमची भातकापणी आणि मागोमाग दिवाळी. म्हणून नोव्हेंबरात या. वादळांचा हंगाम कागदोपत्री तेव्हाच सुरू होतो, पण बेटाला झोडपणारी वादळं बहुतेक डिसेंबर ते मार्चमधली. पाणीही तोवर कोमट व्हायला लागतं. आई, माझ्या घरी घालायला स्वेटर आण. बाबा, तुमचे जुने रबरी बूट आणा, पाण्यात काट्यांच्या गोळ्यासारखे समुद्री साळू असतात, अनवाणी चालता येत नाही.

भात कधी कापायला घेताय ते कळवा, म्हणजे त्या हिशेबाने तिकिटं काढते.

तुमची,
बायो