कंट्रोल चार्टवर टॉलरन्सच्या रेषा कशासाठी?

महोदय,

भोसरी, चाकण, शिरोलीतल्या मशीन शॉपमध्ये मशीनशेजारी प्लास्टिकच्या पाकिटात कंट्रोल चार्ट, म्हणजे नगांच्या मापांचे ठिपके मांडलेला आलेख, लटकलेला असतो. बऱ्याच ठिकाणी त्यावरच्या लाल रेषा चक्क ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या कमी-जास्त फरकाच्या, असतात. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत हा चार्ट मांडला, तो मशीनची स्वतःची चाल ओळखण्यासाठी. ग्राहकाला काय हवे, याच्याशी त्या रेषांचा संबंध नाही.

हिशेबच करू. २५ मिमी व्यासाचा शाफ्ट, टॉलरन्स अधिक-उणे २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दर तासाला लागोपाठ निघालेले पाच नग मोजायचे. त्यांची सरासरी आणि रेंज, म्हणजे सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापातला फरक, मांडायची. असे २०-२५ गट झाल्यावर रेषा काढायच्या. सरासरी रेंज १२ मायक्रॉन आली, तर पाचाच्या गटाचा गुणक ०.५७७ धरून हद्द येते मधल्या रेषेच्या वर-खाली सुमारे ७ मायक्रॉन. रेंजची वरची हद्द २.११४ गुणिले १२, म्हणजे साधारण २५, खालची शून्य. आता सरासरीच्या चार्टवर ७ ऐवजी टॉलरन्सच्या २५ वर रेषा ओढली, तर मशीन १८ मायक्रॉनने सरकले तरी ठिपका आतच दिसतो आणि तोवर शंभरातले आठ-नऊ नग टॉलरन्सबाहेर गेलेले असतात.

मोजण्याचे साधनही पाहावे. ०.०१ मिमी लीस्ट काउंटच्या (म्हणजे १० मायक्रॉनपेक्षा बारीक फरक न दाखवणाऱ्या) मायक्रोमीटरने हे काम होत नाही. रेंज शून्य, दहा किंवा वीसच येते आणि चार्ट पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. इथे एक मायक्रॉनचा डायल किंवा एअर गेज हवा.

दोन मशीनचे नग एकाच गटात घेणे ही आणखी एक खोड. त्याने रेंज फुगते, हद्दी रुंदावतात आणि सगळे ठिपके मधल्या रेषेला चिकटून बसतात. साहेब खूश होतात, पण असा चार्ट संशयास्पद असतो. एकतर गट चुकले आहेत, नाहीतर आकडे टेबलावर बसून भरलेत. (ऑडिटच्या आदल्या दिवशी एकाच पेनाने भरलेला महिन्याचा चार्ट लगेच ओळखू येतो.)

ऑपरेटरला मात्र उगाच दोष देऊ नये. प्रत्येक नग मोजून जेवढा फरक आला तेवढा ऑफसेट द्यायला, म्हणजे हत्यार तेवढे उलट सरकवायला, मशीन लावून देणारा सेटरच सांगतो. स्थिर मशीनवर असे केले तर फैलाव सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. ठिपका हद्दीबाहेर गेला, किंवा लागोपाठ आठ ठिपके मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडले, तरच हात लावावा. बाहेरचा व्यास हळूहळू वाढत असेल तर आधी इन्सर्टची (हत्याराच्या कापणाऱ्या टोकाची) झीज तपासावी. रेंजच बाहेर गेली असेल तर ऑफसेट देऊन काहीच साधत नाही. क्लॅम्पिंग, स्पिंडलचे बेअरिंग, मालाचा कडकपणा पाहावा लागतो.

मोठ्या वाहन कंपन्यांना एकच सुचवावेसे वाटते. पुरवठादाराकडे फक्त १.३३ चा सीपीके (मशीनचा फैलाव टॉलरन्समध्ये किती आरामात बसतो, हे सांगणारा आकडा) मागू नका. चाल स्थिर नसताना काढलेला तो आकडा निरर्थक असतो. चार्टचा ‘शेरा’ रकाना वाचा. ठिपका बाहेर आहे आणि समोर कारण, केलेला उपाय, मागच्या चांगल्या ठिपक्यापासूनचे नग वेगळे काढून तपासल्याची नोंद यांपैकी काहीच नसेल, तर तो लॉट घेण्याआधी प्रश्न विचारा.

– एक गुणवत्ता अभियंता, पिंपरी-चिंचवड