ऑपरेशन झालं, पुढचं कोण बघणार? पाठीचा कणा मोडलेल्या आपल्या माणसांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या सिझनला आमच्या गावातून ऊसतोडीला गेलेलं एक जोडपं फेब्रुवारीतच परत आलं, तेही रुग्णवाहिकेतून. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना त्याचा पाय सटकला. मोळीसकट पाठीवर पडला आणि मणका मोडला. टोळीतल्यांनी घाईघाईने हातपाय धरून उचललं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं. त्यांना दोष कसा द्यायचा? जीव वाचवायलाच धावले होते बिचारे.

गावाने वर्गणी काढली. दोन दिवसांत पैसे उभे राहिले. ऑपरेशन झालं, पाठीत स्क्रू बसले, आणि आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलो. तीन महिन्यांनी त्याच्या बायकोने निरोप धाडला म्हणून गेलो. तिने चादर बाजूला केली. माकडहाडावर रुपयाएवढा काळा डाग होता. डॉक्टरांनी तो साफ केला तेव्हा खाली हाड दिसलं. तो मात्र आमच्याशी पावसापाण्याचं बोलत होता. कमरेखाली त्याला काही समजतच नव्हतं, तर दुखणार काय?

ऑपरेशनला गाव धावतं आणि नंतर त्या घरात दोन माणसं एकटी पडतात. आम्हीही त्यांना एकटं टाकलं होतं. म्हणून केज तालुक्यातल्या पाच गावांच्या तरुण मंडळांनी आणि महिला बचत गटांनी मिळून हे काम हाती घेतलं आहे.

यातली एक गोष्ट घरच्यांना निवांत बसून कोणी सांगत नाही. मणके हाडांचे असतात, ते स्क्रूने जागेवर बसवता येतात. त्यांच्या आतून मेंदूकडून निघालेला मज्जारज्जू जातो. तो चिरडला गेला तर पुन्हा जोडण्याचा उपाय आज कुठल्याही दवाखान्यात नाही. मार पाठीत असेल तर पाय जातात, मानेत असेल तर हातही जातात, आणि मानेत फार वर असेल तर श्वासही अडतो. लघवी-संडासवरचा ताबा बहुतेकांचा सुटतो. मज्जारज्जूला अर्धवट मार असेल तर पहिल्या काही महिन्यांत बरीच ताकद परत येऊ शकते, म्हणून व्यायाम एक दिवसही चुकवू नये. पण 'ऑपरेशन चांगलं झालं' याचा अर्थ 'आता चालेल' असा नसतो. हे कळलं नाही की घर देवऋषी आणि मालिशवाल्यांच्या मागे लागतं, आणि हवेच्या गादीला लागणारा पैसा तिथं संपतो.

पहिल्या महायुद्धात असा मार लागलेले बहुतेक सैनिक लवकरच दगावत. त्यांचा जीव जायचा तो पाठीवरच्या जखमा चिघळून आणि लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाऊन. 1944 मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात डॉ. लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाला कुशीवर वळवायचा नियम घातला, लघवीची काळजी बसवली आणि माणसांना खेळायला लावलं. माणसं जगू लागली. त्यांनी 1948 मध्ये तिथे भरवलेल्या स्पर्धांतूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, एक गोळी कण्यात होती. 1972 ला हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. अंथरुणाला खिळलेल्या पोरांना आम्ही हे आवर्जून सांगतो.

आमच्या पाच गावांत आज अशी सहा घरं आहेत. एक जण चिंचा झोडताना झाडावरून पडला, एक विहिरीच्या कामावर यारीवरून, दोघं मोटारसायकलवरून. त्यांना काय लागतं ते आम्ही घरोघर बसून लिहून काढलं आहे.

सगळ्यात आधी हवेच्या गाद्या, म्हणजे एकाच जागी दाब पडून तो काळा डाग पडत नाही. पण वस्तीवर लाईट पाळीने येते, आणि लाईट गेली की गादी बसते. म्हणून लहान इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी. कोणाकडे जुना पण चालू इन्व्हर्टर असेल तर तो आम्हाला सोन्यासारखा आहे. मग लघवीच्या नळ्या. कायमची घातलेली नळी संसर्ग आणते. त्यापेक्षा हात स्वच्छ धुऊन दर चार ते सहा तासांनी साधी नळी घालून मूत्राशय रिकामं करणं बरं, आणि बरेच जण ते स्वतः शिकतात. एक नळी महाग नाही, पण रोज चार-पाच वेळा आणि आयुष्यभर लागते. चाकाची खुर्ची देणारे पुष्कळ भेटतात, तिच्यावरची चांगली उशी देणारा भेटत नाही. नुसत्या रेक्झिनवर दिवसभर बसलं की तोच काळा डाग पडतो. शिवाय हातात धरायचे आरसे हवेत, रोज पाठ आणि टाचा बघायला. साधी वस्तू आहे, पण तो डाग लाल असतानाच दिसला असता तर हाडापर्यंत गेला नसता.

पैसा नसेल तर हात द्या. गवंडी बंधूंनी एक दिवस दिला तर दोन घरांचे उंबरे काढून उतार करता येईल. सुतारांनी पलंगाला धरायच्या दांड्या बसवून द्याव्यात. आणि रात्रीची पाळी कोणी वाटून घेईल का? त्या माउलीने सहा महिन्यांत सलग चार तास झोप घेतलेली नाही. आठवड्यातली एक रात्र शेजारच्या दोघांनी घेतली तरी फार झालं.

कागदपत्रांचं काम आम्ही करून देतो. दिव्यांग ओळखपत्र, संजय गांधी निराधार अनुदान, आणि शेतकरी कुटुंबातला असेल तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेचा अर्ज तालुका कृषी कार्यालयात. अपघात झाल्या झाल्या सांगा, उशीर झाला की अर्ज अडतो.

दसरा झाला की टोळ्या निघतील. त्याआधीच्या रविवारी सकाळी मारुतीच्या पारावर, जखमी माणसाला कसं हलवायचं ते आम्ही करून दाखवणार आहोत. मुकादमांनी आपली माणसं घेऊन यावं ही हात जोडून विनंती. उठवून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, काखेत धरून ओढायचं नाही. मान आणि पाठ एका रेषेत धरून चौघांनी ओंडक्यासारखं एकदम वळवायचं, फळी किंवा दार काढून त्यावर घ्यायचं, आणि 108 ला फोन. फडात दार नसेल, पण ट्रकला लावलेली ती फळी तर असते.

रोख पैसे कोणाच्याही हातात देऊ नका. ते मंडळाच्या बँक खात्यावरच भरा आणि पावती घ्या. खात्याचा तपशील ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला आहे, आणि दर महिन्याचा जमाखर्चही तिथेच लागेल. वस्तू जुन्या वाचनालयाच्या खोलीत रोज संध्याकाळी सहा ते आठ घेतल्या जातील. हवेची गादी आणणार असाल तर तिचा पंप आणि नळ्या विसरू नका. मागच्या खेपेला दोन गाद्या पंपाशिवाय आल्या, त्या अजून तशाच पडून आहेत.