तुझ्या त्या दोन डब्यांबद्दल

बेटा,

रात्री दुकान वाढवून घरी आलो तेव्हा तुझा मेसेज पाहिला, सप्लिमेंटच्या दोन डब्यांचा फोटो आणि खाली "पप्पा साडेचार हजार पाठवा, सगळं लीगल आहे, टीममधल्या सगळ्याच घेतात". पैशाचं टेन्शन घेऊ नको. पण त्या लीगल शब्दावर माझी झोप उडाली. फोनवर तुला बेसबॉलच्या प्रॅक्टिसची घाई असते, अर्धं ऐकतेस, म्हणून लिहून पाठवतोय, रूमवर गेल्यावर सावकाश वाच.

तुला माहितीय मी २२ वर्षं चोपड्यात केळी-कापसाची औषधं आणि टॉनिकं विकतोय. तू बारावीला होतीस तेव्हाची गोष्ट, तुला कधी सांगितली नाही. एका शेतकऱ्याची एक्सपोर्टची बाग होती, मी त्याला जैविक लिहिलेली एक बाटली दिली, पक्कं बिल, छान लेबल, कंपनीचा माणूस छातीवर हात ठेवून सांगत होता की पूर्ण वनस्पतीजन्य आहे. माल तपासणीला गेला आणि लेबलवर ज्याचं नावच नाही असं कीटकनाशक त्यात निघालं. सगळे घड लोकल व्यापाऱ्याला पडत्या भावात द्यावे लागले. तो माणूस मला एक शब्द बोलला नाही, दुकानात आला आणि बाकावर नुसता बसून राहिला. बाटली लीगलच होती ना बेटा, मी पण लीगल दुकानदार. तेव्हापासून लेबल वाचलं की मला आधी तो बाक दिसतो.

आता तुझे डबे. पहिला क्रिएटिन मोनोहायड्रेटचा आहे, त्याला माझी ना नाही. खेळाडूंना बंदी असलेल्या औषधांच्या यादीत ते नाही, रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतं, आणि थोड्या सेकंदांचा जोर पुन्हा पुन्हा लावायचा असतो तिथे त्याचा खरंच उपयोग होतो, बॅट फिरवणं, बेसवर पळणं हे तसंच काम आहे. अंगात पाणी धरतं म्हणून वजन किलोभर वाढेल, घाबरू नको. तुझा थर्ड बेसवरून फर्स्ट बेसला थ्रो शेवटी खाली पडतो ते मात्र याने एकट्याने सुटणार नाही, ३९ मीटरचा थ्रो आहे तो, मागच्या मॅचला मी पाहिलं, तू नुसत्या हाताने फेकतेस, पाय आणि कंबर मागेच राहते. मी काही कोच नाही पण बापाला दिसतं ते दिसतं.

दुसरा डबा नको. तो फॅट बर्नर आहे, चरबी कमी करायचा, त्यावर प्रोप्रायटरी ब्लेंड लिहिलंय म्हणजे सगळं मिळून किती ते सांगितलंय, कशात काय किती ते नाही. असलाच एक लीगल डबा अमेरिकेत स्टीव्ह बेकलर घेत होता, बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल टीमचा पिचर, म्हणजे बॉल फेकणारा, वय २३. वजन कमी करायचं म्हणून जेवण कमी केलेलं आणि वरून इफेड्रा या उत्तेजक वनस्पतीच्या गोळ्या. फेब्रुवारी २००३ मध्ये फ्लोरिडात प्रॅक्टिस करता करता कोसळला, अंगाचं तापमान १०८ फॅरनहाइटपर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशी गेला पोरगा. इफेड्राने हृदय जोरात पळतं, अंगात उष्णता वाढते आणि कातडीतून ती बाहेर टाकायचं काम मंदावतं. तिथे फेब्रुवारी होता गं, आपल्याकडे मे महिन्यात ४५ असतं आणि तू सुट्टीत इथेच दुपारी ग्राउंडवर असतेस. इफेड्रावर तिथे बंदी आली २००४ मध्ये, त्याच्या आईबापाला त्याचा काय उपयोग. तिथल्याच बेसबॉलवाल्या मार्क मॅकग्वायरचंही वाचलं, १९९८ ला ७० होमरन मारले त्या वर्षी त्याच्या लॉकरमध्ये अँड्रोची, म्हणजे अंगात जाऊन पुरुषी हार्मोन बनणाऱ्या औषधाची बाटली दिसली होती, तेव्हा दुकानात सरळ मिळायची आणि बेसबॉलमध्ये चालायची, २००४ ला तीही बंद झाली.

आपल्याकडचं पण सांगतो. आपल्या ४ बाय ४०० रिलेच्या मुलींनी २०१० ला कॉमनवेल्थ आणि एशियन गेम्स दोन्हीत गोल्ड आणलं, आणि २०११ ला त्यातल्या काही डोपिंग टेस्टमध्ये सापडल्या. त्यांचं म्हणणं होतं की जिनसेंग या औषधी मुळीच्या गोळ्यांतून ते बंदीचं औषध अंगात गेलं, तरी शेवटी २ वर्षांची बंदी बसलीच. कारण नियमच तसा आहे, अंगात जे सापडलं त्याला खेळाडू जबाबदार, डबा कोणी दिला हे नंतर.

म्हणून क्रिएटिन घेताना प्रत्येक बॅच तपासलेली असते असा शिक्का बघ, इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाईड फॉर स्पोर्ट. अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या टीम स्वतःच्या खेळाडूंना एनएसएफवालंच देतात. जिममधल्या दादाकडून सुटं घेऊ नको, कितीही स्वस्त देऊ दे.

आजीला तुझा फोटो दाखवला तर म्हणे "बाटलीमा ताकद ऱ्हास का वं?", बाटलीत ताकद असते का गं, आणि लगेच उडीद निवडायला बसली. तुझं वजन ५६ म्हणजे दिवसाला ९० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागेल, होस्टेलच्या पातळ वरणात ते होणार नाही हे मलाही कळतं. ३ अंडी म्हणजे १८ ग्रॅम, मूठभर शेंगदाणे, दही, रात्री दूध, कमी पडलं तर साधी व्हे पावडर घे, तीही शिक्क्याचीच. आणि रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) दोन्ही. तू पळताना दमतेस म्हणालीस ना, ते चरबीमुळे नसेल पण कदाचित.

तीन हजार टाकलेत. शनिवारी एसटीने डबा पाठवतो, आजीच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि आपल्या बागेतल्या केळीची अर्धी फणी, हिरवी आहेत, दोन दिवस थांब. क्रिएटिनचा डबा फोडायच्या आधी मागच्या बाजूचा फोटो पाठव, बॅच नंबर दिसेल असा. मी दुकानात बसून वाचतो.

पप्पा