फोटो छापा, पण तो कोणी काढून घेतला तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही चीनच्या जुन्या लष्करशहांवर पूर्ण पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. आपल्याकडे चीन म्हणजे एकतर बॉर्डर नाहीतर मोबाईल, मध्ये काही नाहीच, त्यामुळे १९१६ ते १९२८ ची ती सगळी भानगड कोणीतरी मराठीत सांगतंय हेच बरं वाटलं. लेख चांगलाच होता. माझी तक्रार फोटोंबद्दल आहे, आणि ती धंद्यातल्या माणसाची आहे म्हणून जरा लांबेल, कापायची असेल तर कापा.

मी म्हापशाला फ्लेक्स आणि डीटीपीचं काम करतो, म्हणजे दिवसभर लोकांचे चेहरे स्क्रीनवर मोठे-छोटे करत बसायचं. तर तुम्ही मंचुरियाच्या (म्हणजे ईशान्य चीनच्या) झांग झुओलिनचा फोटो अर्ध्या पानावर टाकलात, तोही रंगवलेला (एआयनं रंगवलाय हे उघड आहे, ओठ आणि छातीवरचा पट्टा एकाच गुलाबी रंगाचे झालेत), आणि खाली काय, तर 'सौजन्य : इंटरनेट'. आता इंटरनेट काय कॅमेरा घेऊन १९२७ ला बीजिंगला गेलं होतं काय? बरं फोटो उलटाही आहे, पदकांची रांग डाव्या छातीवर हवी ती उजवीकडे गेली आणि तलवारही उजव्या कमरेला. कसं झालं तेही सांगतो, साहेबांचं तोंड पानाच्या बाहेर बघत होतं म्हणून लेआऊटवाल्यानं फ्लिप मारला. आम्हीही मारतो, त्याला दोष नाही.

पण ते किरकोळ. मुद्दा असा की हे फोटो म्हणजे त्या काळच्या जाहिराती आहेत आणि आपण त्या पुरावा म्हणून छापतोय. १९१६ च्या जूनमध्ये चीनचा राष्ट्राध्यक्ष युआन शिकाई मेला, आणि मग ज्याच्याकडे फौज त्याचा प्रांत, त्याचा कर, त्याची रेल्वे असं झालं. अशा माणसाला परदेशी कर्ज हवं, बंदुका हव्या, वकिलातींनी मान द्यायला हवा. मग स्टुडिओत जायचं, खांद्यावर सोनेरी झालरी, टोपीवर पांढऱ्या पिसांचा हा एवढा मोठा तुरा, आणि एक हात तलवारीवर. झांग अंगानं बारकासा होता, भेटलेल्या परदेशी लोकांनी तसं लिहून ठेवलंय, पण फोटोत ते तुम्हाला कळणार नाही, तुरा त्यासाठीच असतो. आणि ज्या जपान्यांच्या पाठिंब्यावर तो वर आला त्यांच्याच क्वांतुंग आर्मीच्या (मंचुरियातल्या जपानी फौजेच्या) अधिकाऱ्यांनी ४ जून १९२८ ला त्याची आगगाडी शेनयांगजवळ पुलाखाली बॉम्बनं उडवली. हे फोटोखाली दोन ओळीत आलं असतं तर वाचणाऱ्याला तुऱ्याची किंमत कळली असती.

उलट फेंग यूश्यांग बघा. सहा फुटांच्या वर माणूस, ख्रिश्चन जनरल म्हणून नाव, साध्या शिपायाचे सुती कपडे, सैनिकांकडून नीतीची गाणी म्हणून घेणार. तुमच्या लेखात त्याला साधा म्हटलंय. अहो साधेपणासुद्धा कॅमेऱ्यासमोरच होता! हाच साधा माणूस ऑक्टोबर १९२४ मध्ये स्वतःच्या वरिष्ठाला, वू पेइफूला, लढाईच्या मध्यावर दगा देऊन बीजिंग ताब्यात घेतो आणि नोव्हेंबरात शेवटच्या सम्राटाला, पूयीला, राजवाड्यातून बाहेर काढतो. आणि ज्याला दगा दिला तो वू पेइफू, त्याचा चेहरा ८ सप्टेंबर १९२४ च्या टाइमच्या कव्हरवर होता, त्या मासिकाच्या कव्हरवर आलेला तो पहिला चिनी. दोन महिने झाले नाहीत तोवर त्याला बोटीत बसून पळावं लागलं.

लोक म्हणतात खोटे फोटो ओळखायला शिका, बोटं मोजा, सावल्या बघा. ठीक आहे, बघा की. पण मला विचाराल तर खरा फोटो जास्त फसवतो, कारण त्याच्यावर कोणी शंकाच घेत नाही. झांगच्या फोटोत काहीही खोटं नाही, ड्रेस खरा, तलवार खरी, माणूस खरा. आणि तरी तो तुम्हाला जे सांगतो ते सगळं झांगला हवं तेच.

युआन शिकाईवर तुम्ही दोनच ओळी दिल्यात याचं मात्र वाईट वाटलं, कारण प्रचाराच्या बाबतीत अस्सल माल तिथेच आहे. १९१४ पासून त्याच्या मुंडक्याचा चांदीचा डॉलर निघाला, डाय (नाण्याचा ठसा) बनवली लुईजी जॉर्जी नावाच्या इटालियन कारागिरानं, लोक त्या नाण्याला युआनचं मोठं डोकं म्हणायचे. माणूस मेला, त्याच्या नावाला काळं फासून झालं, तरी नाणं पडतच राहिलं, इतकं की १९५० च्या आसपास कम्युनिस्टांनी तिबेटात खर्चायला तेच नाणं परत पाडलं. तिबेटी माणसाला कागदी नोटेचा भरवसा नव्हता, त्या जाड्या माणसाचा होता.

आणि त्याहून भारी गोष्ट पेपरची आहे, तुम्ही पेपरवाले म्हणून मुद्दाम सांगतो. १९१५ मध्ये युआनला सम्राट व्हायचं होतं. बीजिंगात शुनत्यान शिपाओ नावाचा जपान्यांचा चिनी पेपर निघायचा, युआन तो रोज वाचायचा, जपान काय म्हणतोय ते कळायला. थोरल्या मुलाला, युआन केदिंगला, युवराज व्हायची घाई, त्यानं काय केलं तर त्या पेपरची बनावट आवृत्ती छापून बापाच्या टेबलावर ठेवायला सुरुवात केली, त्यात सगळे म्हणतायत सम्राट व्हा, जनता वाट बघतेय. एका माणसासाठी अख्खा पेपर! एक दिवस युआनच्या मुलीच्या मोलकरणीनं बाजारातून खायला काहीतरी आणलं, ते ज्या कागदात बांधलेलं तो खऱ्या पेपरचा निघाला, मुलीनं घरातला अंक शोधून ताडून बघितला तर तारीख तीच आणि मजकूर वेगळाच. तिनं तो कागद बापाला नेऊन दाखवला. हे तिच्याच आठवणींत आलंय. डिसेंबर १९१५ ला गादी स्वीकारली आणि मार्च १९१६ ला सोडावी लागली, तेवढ्यात दक्षिणेतले प्रांत उठले होते. या गोष्टीला फोटो लागत नाही, पण पुरवणीत चौकट करून टाकायला काय हरकत होती?

मोठ्या फेरफाराबद्दल बोलायचं तर लष्करशहा त्यात कच्चे होते, माओच्या लोकांनी ते काम मन लावून केलं. दोंग शिवेननं १९५३ मध्ये तैलचित्र काढलं, १ ऑक्टोबर १९४९ ला तियानानमेनच्या सज्जावर माओ घोषणा वाचतोय आणि मागे सगळे नेते ओळीत उभे. वर्ष-दोन वर्षांत त्यातला एक नेता, गाओ गांग, पक्षाच्या नजरेतून उतरला, चित्रकाराला सांगितलं त्याला काढ, काढला, त्या जागी आभाळ आणि फुलांची कुंडी आली. मग सांस्कृतिक क्रांतीत राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची नको झाला, त्याच्या जागी दुसरा चेहरा. मग १९७२ ला लिन बोचू नको, त्याला तर मरून बारा वर्षं झालेली, पण माओ आणि ज्यांग छिंगच्या लग्नाला त्यानं कधीकाळी विरोध केला होता म्हणे. तोवर दोंग आजारी, मग दुसऱ्या चित्रकारांनी नक्कल करून दिली. १९७९ ला सगळ्यांना परत सज्जावर उभं केलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप हसलो, कारण आमच्याकडे १० जुलै २०१९ ला काँग्रेसचे दहा आमदार भाजपात गेले आणि परत १४ सप्टेंबर २०२२ ला आठ, तेव्हा फ्लेक्सच्या फायली उघडून हेच काम आम्ही केलं, फरक एवढाच की आमचे लेअर वेगळे असतात, दोंगला बिचाऱ्याला खरवडून रंगवावं लागलं. कुंडीची आयडिया मात्र मला सुचली नव्हती.

१९७६ मध्ये तर तेवढाही त्रास घेतला नाही. माओच्या शोकसभेचा फोटो, १८ सप्टेंबरचा, नेते एका रांगेत मान खाली घालून. ६ ऑक्टोबरला चौकडीला, म्हणजे माओची बायको ज्यांग छिंग आणि तिच्या तीन साथीदारांना, पकडलं, आणि नंतर छापून आलेल्या त्याच फोटोत त्यांच्या जागा सरळ रिकाम्या. बाकीचे सरकवून रांग जुळवणं काही कठीण नव्हतं, आमच्याकडचा शिकाऊ पोरगा करेल. मुद्दाम गॅप ठेवले असणार असं मला वाटतं, की बघा, इथे कोण होतं ते आठवा आणि घाबरा.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये वर जाऊन पोर्तुगीज व्हाइसरॉय-गव्हर्नरांच्या चित्रांच्या रांगेसमोर उभे राहा. १५४७ ला गव्हर्नर जुआंव द कास्त्रोनं ती सुरू केली, आधीच्या सगळ्यांची चित्रं एकदम काढून घेतली, म्हणजे मेलेल्यांचीसुद्धा, स्थानिक चित्रकाराच्या हातून. पुढे दमट हवेनं रंग सुटले, परत वरून रंग मारला, परत सुटले, परत मारला. शाळेच्या सहली येतात, पोरं समोर सेल्फी काढतात, आणि त्यांना वाटतं गोवा जिंकणारा आल्बुकर्क अगदी असाच दिसत होता.

तेव्हा मागणी एवढीच, जुना फोटो किंवा चित्र छापताना साल टाका, शक्य असेल तिथे काढणाऱ्याचं नाव टाका, आणि तो कोणी कशासाठी काढून घेतला ते एका ओळीत टाका. जागा नाही म्हणू नका, 'सौजन्य : इंटरनेट'लाही जागा लागतेच. आणि रंगवू नका, रंगवलात तर तसं लिहा.

येत्या रविवारी जपानवर पान आहे असं जाहीर केलंत म्हणून आधीच सांगून ठेवतो. मेईजी सम्राटाचा तो दाढीवाला, लष्करी ड्रेसमधला प्रसिद्ध फोटो येईलच तुमच्याकडे. तो माणसाचा फोटो नाही. सम्राटाला फोटो काढून घेणं आवडायचं नाही, म्हणून १८८८ ला कियोसोने नावाच्या इटालियन चित्रकारानं आडून बघत स्केच केलं, मग चित्र काढलं आणि त्या चित्राचा फोटो काढून तो शाळाशाळांत वाटला, पोरांना त्याच्यासमोर वाकायला लावलं. खाली तसं लिहा. आणि आमच्याशी संबंध असलेलं काही हवं असेल तर गोव्याच्या व्हाइसरॉयनं १५८८ ला जपानचा तेव्हाचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशीला पाठवलेलं रंगीत नक्षीचं पत्र क्योटोच्या म्योहो-इन मंदिराकडे आहे, जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे तो. त्याचा फोटो मंदिराला रीतसर विचारून मागवा, आणि मिळाला तर मोठा टाका.

आपला,
एक नेहमीचा वाचक, म्हापसा