दामिनीबद्दल

प्रिय अन्या,

सप्रेम नमस्कार.

दामिनीला अजून ठेवलंय का, असं तू विचारलंस. ठेवलंय, आणि आता तिच्याशिवाय मला करमत नाही.

दामिनीसारखा ग्रिफिन (गरुडाचं डोकं आणि पंख, सिंहाचं धड) सांभाळायचा म्हणजे गरुड आणि सिंह या दोघांचेही स्वभाव एकाच जिवात सांभाळायचे. सिंह दिवसाचे वीस-वीस तास लोळत काढतो, ते हिच्यात पुरेपूर उतरलंय. पण उजाडलं की पंख पूर्ण पसरता येतील एवढी मोकळी जागा हवी म्हणजे हवी.

लोकांना वाटतं, मांस टाकलं की काम झालं. नुसत्या मांसात कॅल्शियम नसल्यातच जमा असतं. वाढत्या पिल्लाची हाडं त्यावर मऊ पडून वाकतात. म्हणून मी हाडाकातड्यासकट अख्खं सावज देतो. फाडताना चोचही झिजते, नाहीतर वाढून वाकडी होते. न पचलेल्या केसांचा आणि पिसांचा गोळा ती दुसऱ्या दिवशी तोंडावाटे टाकते. तो मी काडीने उकलून बघतो. घट्ट असेल आणि घाण वास नसेल, तर पोट ठीक. गोळा पडल्याशिवाय पुढचं खाणं नाही, हा ससाणे पाळणाऱ्यांचा जुना नियम मी कसोशीने पाळतो.

आधी जिथे होती, तिथे तिला उपाशी ठेवून वठणीवर आणायचा प्रयत्न झाला होता. ती आली तेव्हा शेपटीच्या टोकापर्यंत हडकलेली होती, आणि पंखातल्या मोठ्या पिसांवर एकाच उंचीवर आडवी, फिकी रेघ होती. पीस वाढत असताना पोटात अन्न नसलं की ती रेघ पडते. पीस तिथे कमजोर राहतं, मोडतंही. नंतर कितीही खाऊ घाल, त्या पिसावरची रेघ जात नाही. ते गळून नवं यावं लागतं. नवं पीस फुटतं तेव्हा त्याच्या दांडीत रक्त खेळत असतं, त्यामुळे त्या दिवसांत मी पंखांना हातसुद्धा लावत नाही. रेघेचं शेवटचं पीस परवा गळलं, अन्या! मला रडू आलं.

भूक दाखवून जनावर वश करणं मला कधीच पटणार नाही. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने ग्रिफिन सोन्यावर पहारा देतात असं लिहून ठेवलंय. दामिनी माझ्या जुन्या घोंगडीवर पहारा देते. मी ती कधी ओढून घेतली नाही, म्हणून आता त्या घोंगडीवर मला शेजारी बसू देते.

तू जरूर ये. आल्यावर तिच्याकडे टक लावून बघू नकोस, मागून जाऊ नकोस, नुसता बस. तिने डोळे सावकाश मिटून उघडले की तूही तसंच कर. मात्र सकाळीच ये, दुपारी झोपमोड झालेली तिला खपत नाही.

तुझा,
वसंत