बाबा, हा हिशेब तुम्हीच लावा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मागे फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमच्या त्या डेरीत ख्रिश्चन ख्रिश्चनांशीच कशाला भांडत होते?" तेव्हा मागे आईचा कुकर शिट्ट्या मारत होता, नीट बोलणं झालंच नाही. म्हणून उत्तर आयर्लंडमधल्या माझ्या या डेरी शहराबद्दल लिहितेय.

देवावरून भांडण फारसं नव्हतंच. भांडण होतं घराचं आणि मताचं. 1921 मध्ये उत्तर आयर्लंड उरलेल्या आयर्लंडपासून वेगळं झालं तेव्हापासून 1972 पर्यंत सत्ता एकाच पक्षाकडे, युनियनिस्टांकडे. ते बहुतेक प्रोटेस्टंट, ब्रिटनला धरून राहणारे. डेरी शहरात मात्र कॅथलिकच जास्त, तरी पालिका युनियनिस्टांची! तुम्ही शाळेत असताना इतक्या निवडणूक ड्यूट्या केल्यात, गोम तुमच्या लगेच लक्षात येईल. साठच्या दशकात कॅथलिक मतदार 14,429, बाकीचे 8,781. नगरसेवक? कॅथलिकांचे 8, युनियनिस्टांचे 12. वॉर्डच तसे पाडलेले. 10,047 कॅथलिक एकट्या दक्षिण वॉर्डात कोंबले आणि जागा दिल्या 8. उरलेल्या दोन वॉर्डांत त्यांची संख्या कमी, तिथल्या 12 जागा समोरच्यांच्या खिशात.

त्यात पालिकेला मत फक्त घर नावावर असलेल्याला आणि त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला. आईबापांकडे राहणाऱ्या मोठ्या मुलांना नाही, पोटभाडेकरूंना नाही. म्हणजे कॅथलिक कुटुंबाला घर दिलं की मत दिलं, आणि चुकीच्या वॉर्डात दिलं तर पालिकाच हातची जायची. मग घरं देतंय कोण? एकेका घरात दोन-तीन बिऱ्हाडं दाटीवाटीने राहायची.

आई, हे तुला पटेल: जून 1968 मध्ये कॅलेडन गावात कॅथलिक कुटुंबं वाट पाहत असताना सरकारी घर मिळालं एका 19 वर्षांच्या, लग्न न झालेल्या प्रोटेस्टंट मुलीला. ऑस्टिन करी नावाचे एक आमदार त्या घरात जाऊन ठाण मांडून बसले! पोलिसांनी बाहेर ओढलं. त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला डेरीच्या ड्यूक स्ट्रीटवर बंदी मोडून समान हक्कांसाठी मोर्चा निघाला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, पण टीव्हीचा कॅमेरा हजर होता, आणि झाकलेलं सगळं जगाने पाहिलं.

पुढच्याच वर्षी सर्वांना मत देण्याचा कायदा झाला. इथे थांबलं असतं तर! पण 30 जानेवारी 1972 ला, खटल्याविना तुरुंगात डांबण्याविरुद्धच्या डेरीतल्याच मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या. 13 जण त्याच दिवशी गेले, आणखी एक नंतर. पहिल्या चौकशीने सैनिकांना जवळजवळ सोडूनच दिलं. मेलेले निर्दोष होते हे सरकारने कबूल केलं 2010 मध्ये, 38 वर्षांनी. मला तर गोळीबाराइतकाच त्या पहिल्या अहवालाचा राग येतो.

बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते: या सगळ्यात शांततेचा मार्ग न सोडणारे जॉन ह्यूम हे डेरीचेच, तुमच्यासारखेच शिक्षक. 1998 च्या शांतता करारानंतर त्यांना नोबेल मिळालं, आणि 2001 चा गांधी शांतता पुरस्कार आपल्या सरकारनेच दिला.

जूनमध्ये याल तेव्हा बॉगसाइड या इथल्या कॅथलिक वस्तीतली भित्तिचित्रं दाखवेन. स्वेटर आणा, इथला उन्हाळा आपल्या दिवाळीच्या पहाटेसारखा असतो.

तुमची,
छकुली